जिमी हेंड्रिक्सचे गिटारवादन

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स (२७ नोव्हेंबर १९४२ – १८ सप्टेंबर १९७०) याने रॉक संगीतात आणलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवण्याची रीत. त्याची स्वतंत्र कारकीर्द जेमतेम चार वर्षांची, आणि हयातीत निघालेले स्टुडिओ अल्बम तीनच. तरी ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाने २०२३ मध्ये २५० गिटारवादकांची यादी काढली, तेव्हा पहिले नाव त्याचेच होते. असा मान कितपत खरा आणि कितपत सवयीने दिलेला, ही शंका रास्त आहे. त्याचे रेकॉर्डिंग आज प्रथमच ऐकणाऱ्या विशीतल्या श्रोत्याला तो आवाज नवा वाटत नाही. तो आता पायाखालच्या पेडलमध्ये (आवाज बदलणाऱ्या छोट्या पेटीत) तयार मिळतो. वेगाचे म्हणाल, तर त्याच्याहून भरधाव वाजवणारे ढिगाने आहेत. तरीही त्याच्या वादनातला मोठा भाग शिळा झालेला नाही, आणि तो बहुतेक वेळा सोलोच्या, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवलेल्या तुकड्यांच्या, बाहेर सापडतो.

हेंड्रिक्स मूळचा सिअ‍ॅटलचा. अमेरिकी सैन्याच्या १०१ एअरबोर्न डिव्हिजनमध्ये वर्षभर काढून तो १९६२ मध्ये बाहेर पडला आणि पुढची काही वर्षे आयझ्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशांच्या साथीला वाजवत हिंडला. पुढे गाणारा कोणी दुसराच, आणि याचे काम ठेका धरून कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) भरत राहण्याचे. ही उमेदवारी चरित्रांत घाईने उरकली जाते, पण त्याच्या वादनाचा पाया तिथेच पडला. ‘द अ‍ॅनिमल्स’ या बँडचा बास गिटारवादक चॅस चँडलर याने त्याला सप्टेंबर १९६६ मध्ये लंडनला नेले. तिथे नोएल रेडिंग (बास) आणि मिच मिचेल (ड्रम्स) यांच्यासह ‘जिमी हेंड्रिक्स एक्स्पीरियन्स’ हे त्रिकूट उभे राहिले.

तो डावखुरा होता, पण वाजवायचा बहुधा उजव्या हाताची फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर, उलटी धरून आणि तारा पुन्हा नेहमीच्या क्रमाने चढवून. गिटार उलटल्याने ब्रिजजवळच्या पिकअपचा (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकाचा) तिरपेपणाही उलटा होतो; खर्जाच्या तारा जरा धारदार आणि वरच्या तारा थोड्या मऊ ऐकू येतात. गिटार तो बहुतेक वेळा अर्धा स्वर खाली लावत असे. त्यामुळे तारा सैल पडत, आणि तार फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) आडवी ओढून स्वर चढवणे सोपे जाई. सतारीवर मींड निघते ती याच क्रियेने.

त्याच्या आवाजाची साखळी आज फार लांबलचक वाटत नाही: आवाज फाडणारे फझ फेस पेडल, आवाजाला ‘वाह’ असे वळण देणारे वाह-वाह पेडल, रॉजर मेयरने बनवलेला वरच्या सप्तकाचा स्वर मिसळणारा ऑक्टेव्हिया, आणि शेवटी पूर्ण उघडलेले मार्शल अँप (ध्वनिवर्धक). फझ फेसमध्ये ट्रान्झिस्टर अवघे दोन. गिटारवरची व्हॉल्यूमची कळ थोडी मागे घेतली की फाटलेला आवाज निवळतो, काचेसारखा स्वच्छ होतो. पुन्हा पुढे केली की गुरगुर सुरू. हेंड्रिक्स गाणे चालू असतानाच ही कळ फिरवत राही, म्हणजे पेडल चालूच आणि आवाजाची सूत्रे मात्र बोटांकडे. फीडबॅकचेही तेच. अँपमधून येणारा आवाज तारेला पुन्हा कंपित करतो आणि स्वर विझत नाही. पण कोणता स्वर धरला जाईल, हे अँपपासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात उभे राहिलात यावर ठरते. इतरांना जी कटकट वाटत होती, ती त्याने स्वरात बांधली. फीडबॅक त्याआधीही वापरला गेला होता. त्याच्यावर इतका ताबा मात्र कोणी मिळवला नव्हता.

त्याचे खरे वेगळेपण कॉर्ड धरण्यात आहे. लांब बोटांमुळे तो उजव्या हाताचा अंगठा नेकवरून (गिटारच्या दांडीवरून) वळवून खर्जाची तार दाबत असे. त्यामुळे चारही बोटे मोकळी राहत, आणि एकाच वेळी खाली बास, मध्ये कॉर्ड, वर छोटे सुरेल तुकडे अशी तीन पदरी वीण निघे. या ढंगावर सोल गायक-गिटारवादक कर्टिस मेफील्डची छाप आहे. ‘लिटल विंग’ या अवघ्या २ मिनिटे २४ सेकंदांच्या गाण्याची सुरुवात ऐकावी: साथ कुठे संपते आणि सोलो कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. ‘पर्पल हेझ’मधली (१९६७) ई सेव्हन शार्प नाइन ही कॉर्ड तर त्याच्याच नावाने ओळखली जाते. जॅझवाल्यांना ती आधीपासून ठाऊक होती. ई हा षड्ज धरला, तर तीत शुद्ध गंधार, कोमल निषाद आणि त्यावर कोमल गंधार असे स्वर येतात. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार लागतात, पण आगेमागे. इथे ते एकाच आघातात एकमेकांना भिडतात. ब्लूजमधला (अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गाण्यातला) चढा-उतरा गंधार एका मुठीत पकडल्यासारखा हा प्रकार आहे.

जुने झाले तेही बरेच आहे. दातांनी, पाठीमागे धरून वाजवणे आज करमणुकीपुरते उरले आहे. ट्रेमोलोचा दांडा (तारा सैल-ताठ करून स्वर खालीवर करणारा) दाबल्यामुळे तारा उतरत, आणि मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत बेसूरपणा स्पष्ट ऐकू येतो. पहिला अल्बम चार ट्रॅकवर (टेपच्या चार वेगळ्या पट्ट्यांवर) मुद्रित झाला. ट्रॅक एकत्र करताना बास आणि ड्रम्स दबले, हे हेडफोनवर खटकते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी संगीत महोत्सवात १८ जून १९६७ च्या रात्री त्याने गिटार पेटवली, आणि ते छायाचित्र त्याच्या संगीताहून जास्त फिरले. त्याच दिवशी दुपारी तिथे पं. रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ वाजवून गेले होते. वाद्य जाळणे रविशंकरांना मुळीच रुचले नाही, आणि वाद्याला नमस्कार करून बसणाऱ्या कोणालाही ते रुचणार नाही.

वूडस्टॉक संगीत महोत्सवातले अमेरिकेचे राष्ट्रगीत मात्र नाट्य असूनही टिकले. १८ ऑगस्ट १९६९, सोमवारची सकाळ. बरीचशी गर्दी पांगलेली. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना या माजी सैनिकाने ‘द स्टार-स्पँगल्ड बॅनर’ची चाल सरळ उचलली. रॉकेटांच्या उल्लेखाच्या ओळीपाशी येताच तो ती फीडबॅक आणि ट्रेमोलोने फाडतो: कोसळणारे बॉम्ब, किंचाळ्या. पुढे मध्येच सैनिकांच्या अंत्यविधीला बिगुलावर वाजणारी ‘टॅप्स’ची धून येते. एकही शब्द नाही. पेडलचा आवाज कितीही ओळखीचा झाला, तरी हा क्रम अंगावर येतो.

१९७८ मध्ये एडी व्हॅन हेलनच्या दोन्ही हातांच्या टॅपिंगने (बोटांनी तारा दांडीवर ठोकून वाजवण्याने) वेगाचे गणित बदलले, आणि पुढच्या दशकातील अनेक वादक हेंड्रिक्सपासून दूर गेले. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनने धागा पुन्हा धरला. त्याची ‘लिटल विंग’ शब्दांविना जवळपास सात मिनिटे चालते. बॉब डिलनचे ‘ऑल अलाँग द वॉचटावर’ हेंड्रिक्सने १९६८ मध्ये असे काही बांधले, की पुढे मैफलींत डिलनही त्याच वळणाने ते गाऊ लागला. जॅझ संयोजक गिल एव्हान्सने १९७४ मध्ये त्याच्या रचना आपल्या वाद्यवृंदासाठी बांधल्या, आणि क्रोनॉस चौकडीच्या १९८६ च्या अल्बमवर ‘पर्पल हेझ’ दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एका चेलोवर वाजते.