पत्रा वितळला का? पेट्रोल टाकीचं गॅस वेल्डिंग आणि पितळ

आमच्या आर्वीकडच्या (जि. वर्धा) गावांत 'वेल्डिंग करून आणतो' एवढं म्हटलं की त्यात चार वेगळी कामं खपून जातात. वखराची पास सांधली तरी वेल्डिंग, ट्रॉलीचा फाळका जोडला तरी वेल्डिंग, फवारणीच्या पंपाची पितळी नळी सांधली तरी वेल्डिंगच. शेतीच्या अवजारांत हा घोळ चालून जातो. सांधा तुटला तर पुन्हा जोडता येतो. मोटारसायकलची टाकी हातानं बनवायला घेतली तेव्हा मला त्याची किंमत कळली. टाकीच्या सांध्यामागे पेट्रोल असतं आणि ते नेमकं तापलेल्या इंजिनावर गळतं.

वडिलांची राजदूत १७५ घरी पडून होती. टाकीचा तळ गंजून चाळणी झालेला. जुनी टाकी शोधण्यापेक्षा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या गुळगुळीत लोखंडी पत्र्याची नवी करू, असं ठरवलं. पत्रा मी स्वतः ठोकला, सांधे तालुक्याच्या एका दुकानात करून घेतले. कॉकच्या बुशाशी, म्हणजे पेट्रोलचा नळ बसतो त्या जाड कड्याशी, गळती निघाली म्हणून दुसऱ्या दुकानात गेलो. त्यानं सांधा न पाहताच बत्ती लावली, तार घातली. धातू उकळून उसळायला लागला, पांढरा धूर निघाला आणि बुशाच्या कडेनं बोटभर चीर गेली. पहिल्यानं पितळ मारलं होतं आणि दुसरा त्याच्यावरच लोखंड ओतत होता. दोघांनीही मला 'वेल्डिंग'च सांगितलं होतं.

गफलत होण्यासारखीच गोष्ट आहे म्हणा. दोन्ही कामांना तीच बत्ती, तीच नळकांडी, तोच काळा चष्मा. लांबून बघणाऱ्याला दोन्हीकडे एक माणूस ज्योत धरून सळी वितळवताना दिसतो. फरक ज्योतीखालच्या पत्र्यात असतो.

गॅस वेल्डिंगमध्ये पत्राच वितळतो. साधं लोखंड साधारण १५०० अंशांच्या आसपास पातळ होतं. दोन्ही कडा वितळून त्यांचं एक लहानसं डबकं होतं, कारागीर ते डबकं ज्योतीनं पुढे पुढे सरकवत नेतो आणि मागे ते गोठत जातं. सळी घालतात ती फक्त भर म्हणून. नीट झालेल्या सांध्यात दोन पत्रे उरतच नाहीत, एकच पत्रा होतो.

पितळ मारताना, म्हणजे ब्रेझिंगमध्ये, पत्रा वितळत नाही, नुसता लाल होतो. जवळपास ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त असलेली पितळी सळी ९०० अंशांच्या आसपास पाझरते. दोन पत्र्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत ते पितळ आपोआप ओढलं जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. त्यासाठी पत्रा घासून चकचकीत हवा आणि टाकणखार (बोरॅक्स) हवा, कारण तापलेल्या लोखंडावर गंजाची कातडी चढली की पितळ त्याला धरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. जुनी काळी सायकल आठवा. तिचा सांगाडा असाच: नळ्या खोबणीत बसवून पितळानं जोडलेल्या. दोन-दोन पोती लादून पन्नास वर्षं चालल्या त्या सायकली, तेव्हा पितळाचा सांधा कच्चा असतो हा समज सोडून द्यावा. कच्चा असतो तो कथलाचा डाग. कथील २३२ अंशांनाच वितळतं. भांड्याला ते ठीक, पण टाकीचा मुख्य सांधा त्याच्या भरवशावर ठेवू नये.

या गोंधळात आणखी भर घालते ती लाल सळी. दुकानात तांबूस दिसणारी एक तार असते, ती पाहून गिऱ्हाईक म्हणतं, 'तांबं मारून राह्यला मिस्तरी.' ती लोखंडाचीच वेल्डिंग तार असते, तिला गंजू नये म्हणून वरून तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. तिनं केलेला सांधा पूर्ण लोखंडी. पितळाची सळी पिवळी असते, हातात जड लागते आणि काम करणाऱ्याजवळ टाकणखाराची डबी उघडी असते. सळीच्या रंगापेक्षा मी आता ती डबी बघतो.

झालेलं काम ओळखायचं तर रंग लावायच्या आधी कानस फिरवा. रेघ पिवळी निघाली तर पितळ, पांढरी निघाली तर लोखंड. पितळाची शिवण गुळगुळीत, लोण्यासारखी पसरलेली असते, तर गॅस वेल्डिंगवर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक थर दिसतात. पुट्टी आणि रंग चढल्यावर मात्र दोन्ही सारखेच. पहिल्या दुकानानं मला टाकी रंगाचा हात मारूनच दिली होती, ते किती सोयीचं होतं हे नंतर लक्षात आलं.

आता गॅसचं. खेड्यातल्या बऱ्याच दुकानांत काळं ऑक्सिजनचं नळकांडं असतं, पण त्याच्या जोडीला ॲसिटिलीन नसतो, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी असते. कापायला आणि पितळ मारायला ती जोडी चालते. लोखंडी पत्र्याचं वेल्डिंग मात्र तिच्यावर धड होत नाही. ज्योतीचा आतला सुळका तेवढा तिखट नसतो आणि डबकं स्वच्छ राहत नाही. वेल्डिंगला ॲसिटिलीनच लागतो. तो तपकिरी-लाल (मरून) रंगाच्या नळकांड्यातून येतो, नाहीतर कार्बाइडच्या खड्यांवर पाणी टाकून दुकानातच तयार होतो. दुकानामागे चुन्यासारखा पांढरा गाळ पडलेला आणि लसणासारखा वास असेल तर तिथे कार्बाइड आहे असं समजा. म्हणून 'वेल्डिंग करता का?' असं विचारण्यापेक्षा 'गॅस कोणता?' हे विचारलेलं बरं. पहिल्या दुकानानं पितळ का मारलं, याचं उत्तर तिथेच होतं. त्याच्याकडे स्वयंपाकाच्या गॅसचीच टाकी होती, दुसरं काही शक्यच नव्हतं.

ज्योतही वेगळी ठेवावी लागते. पत्र्याच्या वेल्डिंगला दोन्ही गॅस समतोल, आतला सुळका टोकदार आणि स्वच्छ. ॲसिटिलीन जास्त झाला तर सुळक्याला पिसारा फुटतो आणि लोखंडात कार्बन शिरून सांधा ठिसूळ होतो. पितळाला उलट ऑक्सिजन किंचित जास्त दिलेला चालतो, त्यानं जस्त कमी जळतं. हे जस्त फार खोडकर. ते ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे पितळ वितळलं की जस्ताला उडायला जेमतेम काही अंशांचं अंतर. पांढरा धूर निघाला की समजावं, ज्योत जास्त झाली. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी किंवा रात्री हुडहुडी भरून ताप येतो, हिवतापासारखा, आणि एक-दोन दिवसांत उतरतो. आमच्याकडे त्यावर गूळ खातात, दूध पितात. खावं, त्यात वाईट काही नाही. पण धूर छातीत जायचा थांबतो तो उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम केल्यानं.

कोणता सांधा वापरायचा हे पत्रा कापतानाच ठरवावं लागतं. मी ते ठरवलं नव्हतं, ती माझी चूक. टाकी म्हणजे वरचा घुमट आणि खालचा, मधे खोबण असलेला तळ. २० गेजचा पत्रा म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, १८ गेजचा १.२. घुमट ठोकायला मी बाभळीच्या बुंध्यात वाटीसारखा खड्डा कोरला, गोणपाटाच्या पिशवीत वाळू घट्ट भरून घेतली आणि लाकडी हातोडीनं कडेकडून मधे येत गेलो. दोन दिवसांत एक बाजू आली, दुसरी तिच्यासारखी करायला सहा दिवस लागले.

वेल्डिंगला या दोन भागांच्या कडा कडेला कड अशा भिडाव्या लागतात, मधे नख जाईल एवढी फट दिसली तरी पातळ पत्रा मागे पळतो आणि भोक पडतं. पितळाला एक पत्रा दुसऱ्यावर चढलेला हवा, दहा-बारा मिलिमीटर तरी, आणि दोन्ही घट्ट चिकटलेले. पितळाची ताकद त्या चढलेल्या रुंदीतून येते. कडेला कड लावून वरून पितळ ओतलं तर तो सांधा नुसता वरवरचा. माझ्या पहिल्या टाकीत तेच झालं होतं: कडा वेल्डिंगसारख्या कापलेल्या आणि सांधा पितळाचा. कारागिराला दोष देताना हे सोयीस्कर विसरत होतो.

मग तिसरे मिस्तरी भेटले, म्हातारे, आयुष्यभर ट्रकच्या केबिनचे पत्रे जोडलेले. त्यांनी टाकी हातात घेतली, कानस मारली, पिवळी रेघ बघितली आणि ठेवून दिली. "हे पितळ हाये भाऊ. याच्यावर लोखंड बसत नाही. कितीबी तार घाल, ते उसळतच राह्यते."

ते का उसळतं, हे नंतर समजलं. वेल्डिंगच्या तापाला पितळातलं जस्त उकळून धूर होतं, म्हणून भोकं पडतात. उरलेलं पातळ तांबं तापलेल्या लोखंडाच्या कणांच्या सांध्यांत शिरतं आणि पत्रा आतून फाटतो. म्हणून पितळ लागलेली जागा पुन्हा वेल्डिंगला घ्यायची तर पितळाचा कण न् कण घासून काढावा लागतो, बऱ्याचदा तेवढा पत्राच कापून टाकणं सोपं पडतं. उलट दिशेनं अडचण नाही, लोखंडी वेल्डिंगवर पितळ खुशाल बसतं. दोन्ही कामं एकाच टाकीत करायची तर वेल्डिंग आधी आणि पितळ शेवटी, हा क्रम चुकला की मागे जाता येत नाही.

मिस्तरींनी दुसऱ्या टाकीत तसंच केलं. घुमट आणि तळ यांची लांब शिवण वेल्डिंगनं. तिला आधी दर दोन-तीन सेंटीमीटरवर टाके, एक इकडे एक तिकडे, कारण एका टोकापासून सरळ निघालं तर तापानं पत्रा पुढे सरकून कडा एकमेकींवर चढतात. गॅसची शिवण मऊ असते, म्हणून मागून लोखंडी ठोकळा धरून तिच्यावर हलकी हातोडी चालवता येते आणि ताणलेला पत्रा परत बसतो. पितळाच्या शिवणीवर हा उपाय करू नये, ती चिरते. लांब शिवण वेल्डिंगची असावी असं मला वाटण्याचं हेच मोठं कारण.

कॉकचा बुश, झाकणाचं तोंड आणि बसवायच्या पट्ट्या मात्र पितळानं. इथे पितळ सरसच म्हणेन. बुश जाड, पत्रा पातळ. वेल्डिंगला दोन्ही एकदम वितळायला हवेत, त्यात जाड बुश तापेपर्यंत पत्रा जळून जातो. पितळाला दोन्ही फक्त लाल झाले की पुरे. एका सिलिंडरच्या गाडीचा थरथराट सगळा पट्टीच्या कडेला येतो. तिथे वेल्डिंगची खाच राहिली की चीर तिथूनच निघते. पितळाची कड उतरती बसते. पट्टीखाली मिस्तरींनी तळहाताएवढा जादा पत्राही घातला.

पितळाची एक घाण मात्र नंतर निस्तरावी लागते. टाकणखार थंड झाला की काचेसारखा कडक होतो. तो आत राहिला तर खडे सुटून कॉकच्या जाळीत आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात, बाहेर राहिला तर रंग फुगवतो. उकळतं पाणी ओतून, आत मूठभर बारीक खडे टाकून टाकी तासभर हलवली.

जुन्या टाकीचं एक वेगळं सांगतो. कोरी टाकी ज्योतीखाली न्यायला भीती नाही. पेट्रोल भरलेली होती आणि आता 'रिकामी' आहे, ती जास्त धोक्याची. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मधे असली की ठिणगीला पेट घेते, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तेच मिश्रण असू शकतं. राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर पेट्रोलमध्येच ऑइल, त्याचा थर पत्र्याला चिकटलेला. वास गेला तरी तो थर तापला की पुन्हा वाफ सोडतो. 'पितळ आहे, कमी ताप लागतो, काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर तिथून टाकी उचलून आणा. ९०० अंश वाफ पेटवायला फार जास्त झाले.

शेवटी गळती. कॉम्प्रेसरची नळी सरळ लावू नका, टाकी फुग्यासारखी फुगून घुमटाचा आकार जातो. दोन-तीन पौंड हवा पुरे. मिस्तरींनी सायकलचा पंप वापरला. साबणाचं पाणी लावलं तर लांब शिवणीवर तीन ठिकाणी बुडबुडे आले. मी लगेच म्हटलं, "पितळाचा थेंब टाकून बुजवा ना."

"काहून घाई करतं? उद्या तिथंच चीर गेली तं मंग काय करशीन?"

तिन्ही भोकं त्यांनी कानशीनं उघडी केली आणि लोखंडानंच भरली. बुशापाशी एकही बुडबुडा नव्हता. मग लिटरच्या मापानं पाणी भरत गेलो, अकरा लिटर आणि वर एक पेला. पाणी ओतून, तोंड खाली करून टाकी पत्र्याच्या शेडवर ठेवली. मे महिना होता, आर्वीचं ऊन. दुपारी चारला उतरवायला गेलो तर हात लावता येईना.