वार पडते तेव्हा मेंदूत काय होतं?

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई कारण नसताना रडायला लागली, की मराठवाड्यातल्या खेड्यांत अजूनही दोनच निदानं ऐकू येतात. एक, ‘बाहेरचं लागलं’. मग उशाला विळा ठेवतात, लिंबू उतरवून टाकतात, सटवाईचं काही राहिलं का म्हणून विचारणा होते. दुसरं, ‘नाटकं करती, आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत?’ मुलगी झाली असेल तर ही बोलणी जास्तच बसतात. दोन्ही निदानं चुकीची आहेत, आणि दुसऱ्याला विज्ञानाने फार सुंदर उत्तर दिलं आहे.

त्यासाठी वारेकडे पाहावं लागतं. अर्ध्या किलोचा हा अवयव बाळाला पोसतो, तसाच हार्मोन्सही बनवतो. दिवस भरत येतात तेव्हा आईच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन एरवीच्या दहापट किंवा त्याहून जास्त झालेलं असतं. त्यातल्या काही भागाचं रूपांतर अ‍ॅलोप्रेग्ननोलोन नावाच्या रेणूत होतं. नाव जड आहे, पण सगळी गंमत इथेच आहे.

आपल्या मेंदूत चेतापेशींना शांत ठेवणारं गाबा नावाचं रसायन असतं. ते पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटलं की तिथली वाट उघडते, क्लोराइडचे ऋणभारित आयन आत शिरतात आणि पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाही. अ‍ॅलोप्रेग्ननोलोन त्याच रिसेप्टरवर दुसऱ्या जागी बसतं आणि गाबाचा परिणाम वाढवतं, म्हणजे ब्रेक आणखी घट्ट लागतो. ब्रेक महिनोन्‌महिने इतका घट्ट राहिला तर मेंदू सुस्त पडेल. म्हणून गाभण उंदरांच्या मेंदूत डेल्टा हा उपघटक असलेले रिसेप्टर कमी होतात. वार पडली की मात्र प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत तळाला जातं, त्यामागोमाग अ‍ॅलोप्रेग्ननोलोनही. आता रिसेप्टर पुन्हा वेळेत वाढायला हवेत. 2008 साली जेमी मॅग्वायर आणि इस्तवान मोडी यांनी डेल्टा उपघटकात दोष असलेल्या माद्यांवर प्रयोग केला. व्याल्यावर त्या धड घरटं करत नव्हत्या, पिलांकडे पाहत नव्हत्या, काहींनी तर पिलं खाऊन टाकली. या रिसेप्टरवर काम करणारं औषध दिल्यावर त्यांचं वागणं सुधारलं.

पण हार्मोन तर प्रत्येकीचेच उतरतात, मग त्रास ठरावीक जणींनाच का? अमेरिकेत 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. गरोदर नसलेल्या 16 स्त्रियांना हार्मोन देऊन गर्भारपणासारखी स्थिती तयार केली आणि मग ते एकदम थांबवले. त्यातल्या 8 जणींना आधीच्या बाळंतपणात नैराश्य आलेलं होतं, त्यांपैकी 5 जणी पुन्हा खचल्या. उरलेल्या 8 जणींपैकी एकीलाही काही झालं नाही. उतार तोच होता, मेंदूची संवेदनशीलता वेगळी होती. ‘आम्हाला नाही झालं, तिलाच कसं होतं’ याचं उत्तर ते हे.

यावरूनच औषधं निघाली. ब्रेक्सानोलोन म्हणजे खुद्द अ‍ॅलोप्रेग्ननोलोनच. ते 60 तास सलाइनमधून द्यावं लागे. त्याला अमेरिकेत 2019 साली मान्यता मिळाली. 2023 साली 14 दिवसांची झुरानोलोन ही गोळी आली. लगेच ‘रामबाण’ असे मथळे झळकले. ते मला पटत नाही. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या अभ्यासात 23 टक्के मातांमध्ये नैराश्य दिसलं, आणि त्यामागे गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी होणं हेही होतं. ऊसतोडीला गेलेल्या, कोपीवरच बाळंत झालेल्या बीडच्या बाईला निव्वळ गोळी किती पुरणार? याउलट पाकिस्तानच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांना नैराश्यात असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन बोलण्याचं प्रशिक्षण दिलं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या गटात 23 टक्के माता नैराश्यात होत्या, आणि प्रशिक्षण न मिळालेल्या सेविका जिथे जात त्या गटात 53 टक्के.

आपल्याकडे आशाताई 42 दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतातच. बाळाला झोळीत घालून वजन करतात, ताप पाहतात. तेवढ्यात सासू बाहेर गेल्यावर बाळंतिणीलाही विचारावं: झोप लागते का, बाळ जवळ घ्यावंसं वाटतं का, जीव नकोसा होतो का? सुरुवातीचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर ते नैराश्य असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

हजारात एक-दोघींना मात्र वेगळाच, गंभीर आजार होतो: रात्र रात्र झोप नाही, असंबद्ध बोलणं, भास, बाळाबद्दल भलतेच संशय. अशा बायांना बऱ्याचदा देवऋषीकडे नेलं जातं. तिथे जाणारा प्रत्येक दिवस आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाही आहे. अशा बाईला आणि बाळाला क्षणभरही एकटं न सोडता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाई, संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभागात न्यावं. काय करावं कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे. आणि औषध सुरू झालं म्हणून लगेच बाळाचं दूध तोडू नये. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं दुधात फार थोडी उतरतात. दूध चालू ठेवायचं की नाही, ते डॉक्टरांनाच विचारावं.