गर्दुल्ला म्हणण्याआधी

मुंबईला अफू नवी नव्हती. माळव्यातली अफू याच बंदरातून चीनला जायची, त्या पैशावर इथल्या कित्येक पेढ्या उभ्या राहिल्या. पण कोवळ्या पोरांच्या हाती गर्द, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या हेरॉईनची पूड, आली ती १९८०च्या दशकात, आणि तिचं मूळ फार लांब आहे.

१९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली. त्याच डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. माल पश्चिमेकडे नेण्याच्या जुन्या वाटा विस्कटल्या आणि तिकडचं हेरॉईन पाकिस्तान-भारतमार्गे जाऊ लागलं. मुंबई वाटेतला मुक्काम झाली. जिथून माल जातो तिथे थोडा सांडतोच. नीट शुद्ध न केलेली तपकिरी पूड, म्हणजे ब्राऊन शुगर, वस्त्यांमध्ये पुडीने मिळू लागली. चंदेरी कागदावर चिमूटभर पूड, खाली जळती काडी, तोंडात कागदाची नळी. पूड वितळून घरंगळते आणि पोरगं नळीने तिचा धूर पकडत राहतं. सुई लागत नाही, म्हणून पहिल्या वेळी भीतीही वाटत नाही. मजा लवकरच संपते. मग ओढायचं ते फक्त ‘टर्की’ टाळायला: हाडं ठणकणं, उलट्या, जुलाब, डोळ्याला डोळा न लागणं.

अशा पोराला आपण ‘गर्दुल्ला’ हे नाव दिलं. उपचार द्यायला मात्र वेळ लावला, हे मला आजही सलतं.

१९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला. त्याच सुमारास डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अवचटांच्या पत्नी, मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी ते उभं केलं. व्यसनातून सुटलेली माणसंच तिथे पुढे नव्यांना आधार देऊ लागली. १९८९ मध्ये कायद्यातही ‘६४-अ’ कलम आलं: थोड्या मालासह सापडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. किती आईबापांना हे ठाऊक आहे? बहुतेक घरं पोलिसांच्या धाकाने मुलाला लपवतात आणि वर्षं वाया जातात.

आता माल परदेशातूनच यायला हवा असंही राहिलेलं नाही. मेफेड्रोन, पोरांच्या भाषेत ‘एमडी’, हे प्रयोगशाळेत बनणारं रसायन आहे. २०१५ साली ते एनडीपीएसखाली आलं. २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि २०२४ मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत पोलिसांना त्याचे कारखानेच सापडले.

एमडी नाकाने ओढता येतं, पाण्यातूनही घेता येतं. ना काडी, ना चंदेरी कागद, ना धूर. मुलगा सलग दोन रात्री जागतो, ताट तसंच ठेवतो, उगाच संशय घेतो, खेकसतो. आई म्हणते, परीक्षा जवळ आली आहे.