संचकारपत्र आणि खरेदीपत्र : घर नेमके केव्हा आपले होते?

कोल्हापुरात घराचा व्यवहार ठरला की पेढे बहुधा संचकाराच्या, म्हणजे बयाणा देण्याच्या, दिवशीच वाटले जातात. लाख-दोन लाखांचा धनादेश मालकाच्या हातात पडतो, पाचशेच्या मुद्रांक कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, आणि त्याच संध्याकाळी घेणारा माणूस नातेवाइकांना फोन करून सांगतो की घर घेतले. वास्तविक त्या संध्याकाळी त्याने घर घेतलेले नसते, तर घर घेण्याचा करार केलेला असतो. खरेदी त्यानंतर कधी दोन महिन्यांनी, कधी वर्षभराने होते, आणि काही वेळा होतच नाही. घरांना मागणी कमी होती आणि एका घराला एकच गिऱ्हाईक असे, तेव्हा हा फरक फारसा जाणवत नसे. आज रिंग रोडच्या अलीकडे-पलीकडे, कळंबा, पाचगाव, फुलेवाडी या बाजूंना बऱ्यापैकी घर विक्रीला निघाले की त्यामागे चार-पाच जण लागलेले असतात, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे (फिरत्या खंडपीठाचे) काम येथे सुरू झाल्यावर भाव वाढणार ही चर्चा प्रत्येक एजंटाच्या तोंडी आहे. अशा बाजारात संचकारपत्र आणि खरेदीपत्र यांच्या मधल्या काळातच विकणाऱ्याची नियत बदलण्याचा संभव सर्वांत जास्त असतो.

प्रथम नावांचा घोळ निस्तरणे आवश्यक आहे. आपण ज्याला संचकारपत्र म्हणतो त्यालाच पुण्याकडे साठेखत म्हणतात, कुठे इसारपावती किंवा विसारपावती म्हणतात, आणि वकिलांच्या तोंडी तो ‘अ‍ॅग्रीमेंट टू सेल’ असतो. खरेदीपत्राला खरेदीखत, विक्रीखत, सेल डीड अशी नावे आहेत आणि आपल्याकडच्या जुन्या दस्तांवर ‘कायम खुषखरेदीपत्र’ असे ठसठशीत शीर्षक आढळते. नावे कितीही असली तरी दस्ताची जात शीर्षकावरून नव्हे, मजकुरावरून ठरते, आणि मजकुरातही ती मुख्यतः क्रियापदावरून ओळखू येते. संचकारपत्रात ‘सदर मिळकत तुम्हांस विकण्याचे ठरविले असून उर्वरित रक्कम मुदतीत मिळाल्यावर खरेदीपत्र करून देण्याचे आहे’ अशी भविष्याकडे बोट दाखवणारी भाषा असते. खरेदीपत्रात ‘सदर मिळकत तुम्हांस विकली असून प्रत्यक्ष कब्जा दिला आहे, आजपासून तिचे मालक तुम्ही झाला आहात’ अशी पूर्ण झालेल्या गोष्टीची भाषा असते. दस्त हातात आल्यावर लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावे तपासण्याइतक्याच काळजीने हे एक वाक्य शोधून वाचावे, असे माझे मत आहे.

या दोन वाक्यांतील अंतर कायद्यानेही स्पष्ट केलेले आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ नुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि विक्रीचा करार हा स्वतःहून त्या मिळकतीत कोणताही हक्क किंवा बोजा निर्माण करत नाही. म्हणजे संचकारपत्राने तुम्हांला विकणाऱ्या माणसाविरुद्ध हक्क मिळतो, त्याने शब्द पाळावा असा आग्रह धरण्याचा. घरावरचा मालकी हक्क मिळतो तो खरेदीपत्राने. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात करार, वटमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, म्हणजेच कुलमुखत्यारपत्र) आणि मृत्युपत्र एवढ्यावर केलेल्या ‘विक्री’ने मालकी जात नाही असे निःसंदिग्धपणे सांगितले, तरीही ‘कुलमुखत्यार करून घेतलाय, आता काळजी नाही’ हे वाक्य आजही ऐकू येते.

गोंधळाचे खरे मूळ मात्र मुद्रांक शुल्कात आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार ज्या करारात मिळकतीचा ताबा दिला आहे किंवा द्यायचे कबूल केले आहे, तो करार शुल्कापुरता खरेदीपत्रच मानला जातो, आणि जवळजवळ प्रत्येक संचकारपत्रात ताबा देण्याचे कलम असतेच. त्यामुळे नोंदणी करायला गेलेल्या घेणाऱ्याला त्याच दिवशी पूर्ण शुल्क भरावे लागते. कोल्हापूर महापालिका हद्दीत ते स्थानिक अधिभारासह साधारणपणे ६ टक्के पडते, महिलेच्या नावे घर घेतल्यास १ टक्का सवलत मिळते, आणि हिशोब ठरलेली किंमत व सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याची (रेडी रेकनरची) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर होतो. शिवाय १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये, अशी नोंदणी फी असते. पुढे खरेदीपत्राच्या वेळी हे आधी भरलेले शुल्क वळते करून घेता येते. एवढी मोठी रक्कम सरकारजमा झाल्यावर, अंगठे उठल्यावर, कॅमेऱ्यासमोर फोटो निघाल्यावर सामान्य माणसाला खरेदी पूर्ण झाली असे वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु शुल्क ‘खरेदीपत्र मानून’ घेतले म्हणून करार खरेदीपत्र होत नाही. तो कायद्यातील मानीव प्रकार केवळ महसुलासाठी आहे.

याच्या नेमके उलट टोकाला नोटरीचे संचकारपत्र असते, आणि त्याचा अनुभव आमच्या घरातच आला. माझ्या मावसभावाने फुलेवाडीच्या बाजूला एक पुनर्विक्रीचा छोटा बंगला पाहिला. एजंटाने ‘आणखी दोन पार्ट्या उद्या येणार आहेत’ असे सांगितल्यावर त्याने त्याच दिवशी दोन लाखांचा संचकार दिला, आणि शुल्क आता कशाला भरायचे म्हणून कागद फक्त नोटरीसमोर केला. महिन्याभराने मालकाचे फोन उचलणे बंद झाले. दुसऱ्या कोणी तरी चार लाख जास्त सांगितले होते, हे शेजाऱ्यांकडून कळले. भाऊ तो लाल शिक्क्याचा कागद प्रत्येकाला दाखवत होता, पण नोटरी एवढेच प्रमाणित करतो की ही सही माझ्यासमोर झाली. त्या कागदाची नोंद दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयाच्या, सूचीत कोठेही होत नाही, म्हणून दुसऱ्या खरेदीदाराच्या वकिलाने तीस वर्षांचा शोध घेतला तरी त्याला तो सापडत नाही.

येथे एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ नुसार आधीच्या कराराची कल्पना नसताना, सद्भावनेने, पूर्ण पैसे मोजून ज्याने नंतर खरेदी केली त्याच्याविरुद्ध पहिल्या संचकारदाराला घर मागता येत नाही. परंतु करार नोंदणीकृत असेल तर ती नोंदणी हीच साऱ्या जगाला दिलेली सूचना मानली जाते, आणि दुसऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. अनोंदणीकृत संचकारपत्र पूर्णपणे निरुपयोगी असते असेही नाही. योग्य शुल्क भरून त्याच्या आधारे करारपूर्तीचा दावा लावता येतो. मात्र ताबा घेऊन बसलेल्या खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३-अ खाली जे संरक्षण मिळते, त्यासाठी २००१ च्या दुरुस्तीनंतर करार नोंदवलेला असणे अनिवार्य झाले आहे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी हजर करावा लागतो आणि त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून तो हजर करता येतो. भावाच्या प्रकरणात मालक पुन्हा नोंदणी कार्यालयाची पायरी चढणार नव्हता, त्यामुळे हाही मार्ग व्यवहारात बंदच होता. वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, ती वाचून दुसरा खरेदीदार मागे सरला, आणि अखेरीस दीड लाख वाढवून दिल्यावर मालक खरेदीपत्राला तयार झाला. वाचवलेल्या शुल्काचा विचार केला तर ते तसेही पुढे भरायचेच होते; म्हणजे वाचले काहीच नव्हते, फक्त पुढे ढकलले होते.

संचकारपत्रावरून न्यायालयात जाण्याची वेळ आलीच, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या २०१८ च्या दुरुस्तीने घेणाऱ्याची बाजू पूर्वीपेक्षा बळकट झाली आहे. करारपूर्तीचा हुकूम देणे ही आता न्यायालयाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही, सामान्यतः तो द्यावाच लागतो. तरी आपण पैसे घेऊन सतत तयार होतो हे घेणाऱ्याला सिद्ध करावे लागते, म्हणून कर्जमंजुरीचे पत्र, खात्यातील शिल्लक आणि मालकाला पाठवलेल्या नोटिसा जपून ठेवाव्यात. दावा करारातील मुदतीपासून तीन वर्षांत लावावा लागतो, आणि मुदतच लिहिली नसेल तर मालकाने नकार दिल्याचे कळल्यापासून तीन वर्षांत. ‘मुदत सोयीने’ असे सैल लिहिलेले संचकारपत्र म्हणूनच दोघांच्याही अंगावर येते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पक्षकारांना आता मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत, परंतु दाव्याला लागणारी वर्षे त्यामुळे टळतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

विकणाऱ्याच्या दृष्टीनेही या दोन दस्तांत गल्लत करणे धोक्याचे असते. घेणारा मागे फिरला तर दिलेले सगळे पैसे जप्त करता येतात अशी सार्वत्रिक समजूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सतीश बात्रा प्रकरणात स्पष्ट केले की करारपूर्तीची हमी म्हणून दिलेली बयाण्याची रक्कम, तसे कलम करारात असेल तर, जप्त करता येते. किमतीपोटी दिलेली आगाऊ रक्कम जप्त करता येत नाही. यास्तव किती रक्कम संचकाराची आणि किती रक्कम किमतीपोटीची, हे आकड्यांनिशी वेगळे लिहिणे दोघांच्याही हिताचे आहे. संचकारपत्रावरच घराची किल्ली देऊन टाकणे ही तर विकणाऱ्याची सर्वांत महाग पडणारी भलाई असते, कारण मालकी त्याच्या नावावर, घरपट्टी त्याच्या नावावर आणि राहणारा दुसराच, अशी अवस्था होते. संचकार रोखीत घेण्याची आपल्याकडची जुनी सवय तर सोडून द्यायलाच हवी. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई आहे आणि तेवढाच दंड स्वीकारणाऱ्यावर बसू शकतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कर कापून भरायचा असतो, आणि ही कपात संचकाराच्या हप्त्यालाही लागू होते.

घासाघीस करताना आपण दरावर तासभर बोलतो आणि संचकारपत्राचा मसुदा मात्र दस्तलेखकाच्या संगणकातून जसा निघेल तसा स्वीकारतो. वास्तविक खरेदीपत्रात बदलण्यासारखे फारसे काही नसते, तोवर सगळे ठरून गेलेले असते. मालकी निर्वेध न निघाल्यास, बांधकाम परवानगी न आढळल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास संचकार परत मिळेल काय, बहिणींची संमती कोणी आणायची, मालकाच्या कर्जाचा बोजा कोणत्या तारखेपर्यंत उतरवायचा, हे सर्व संचकारपत्रातच बसवावे लागते. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या गावात मिळकत पंचगंगेच्या पूररेषेत येते काय, याची खातरजमा होईपर्यंत व्यवहार बंधनकारक नाही, असे कलम मागणाऱ्याला कोणी शंकेखोर म्हणू नये.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना चित्र थोडे बदलते. तेथे बिल्डरांचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि त्या करारालाच लोक खरेदीपत्र समजतात. तोही करारच असतो. इमारत अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर पुढे फ्लॅट घेणाऱ्याच्या नावे करणारे ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ होते, आणि सोसायटी असेल तर जमीन व इमारत सोसायटीच्या नावे हस्तांतरित व्हावी लागते. दहा-दहा वर्षे राहूनही हे शेवटचे पाऊल न पडलेल्या इमारती आपल्या शहरात कमी नाहीत.

आपल्या हातातील दस्त यांपैकी कोणता, हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे ‘इंडेक्स टू’च्या, पहिल्याच ओळीत ‘विलेखाचा प्रकार’ असा रकाना असतो. त्यासमोर ‘करारनामा’ किंवा ‘साठेखत’ लिहिले असेल तर खरेदी अजून व्हायची आहे. मावसभावाच्या कागदावर तेथे ‘खरेदीखत’ आले, त्यानंतर सिटी सर्व्हेच्या कार्यालयात अर्ज करून मिळकत पत्रिकेवर नाव लागायला आणखी काही आठवडे गेले, आणि पेढे त्याने त्या दिवशी पुन्हा वाटले.