कांजिण्या (लहान मुलांच्या)

कांजिण्या म्हणजे व्हॅरिसेला झोस्टर या व्हायरसमुळे होणारा, अंगभर पाण्याचे फोड आणणारा संसर्गजन्य आजार. सोलापुरात नाव घरागणिक बदलतं, मराठी घरात "बाया आल्यात" नाहीतर "आई आलीय", पूर्व भागातल्या तेलुगू घरांत "अम्मवारु", दवाखान्यात चिकनपॉक्स, पण आजार एकच. देवीचा रोग वेगळा, तो जगातून संपल्याचं १९८० सालीच जाहीर झालंय. केसेस जास्त दिसतात त्या थंडी ओसरताना, म्हणजे इकडं जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत.

आधी एखादा दिवस कणकण, पोरगं किरकिरतं, जेवत नाही, मग छाती-पाठ-चेहऱ्यावर लाल ठिपके उठतात आणि काही तासांतच त्यात पाणी भरतं, भिजलेला साबुदाणा कातडीवर चिकटवल्यासारखा फोड दिसतो, पुढं तो गढूळ होतो, सुकतो, खपली धरते. पक्की खूण अशी की पाठ उघडी करून बघितली तर नुसता ठिपका, भरलेला फोड आणि खपली तिन्ही एकाच वेळी सापडतात, कारण तीन-चार दिवस नवीन फोड येतच राहतात. केस बाजूला करून टाळूही बघा. आपल्याकडं मार्चपासूनच ऊन तापतं त्यामुळं सुरुवातीला सगळे घामोळंच समजतात, पण घामोळ्यात ताप नसतो आणि तोंडात फोड येत नाहीत.

फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्यावर खपल्या धरेपर्यंत मूल दुसऱ्याला लागण देतं, म्हणून तोपर्यंत शाळा, अंगणवाडी, लग्नकार्य सगळं बंद. लागण झाल्यापासून १० ते २१ दिवसांनी आजार दिसतो. आमच्या घरी थोरल्याच्या खपल्या गळायला लागल्या तेव्हा वाटलं सुटलो, आणि त्याच आठवड्यात धाकटीच्या मानेवर पहिला फोड.

घरच्या रीतीतलं मुलाला वेगळं ठेवणं, उशाशी लिंबाचा पाला, घरात शांतता, हे चांगलंच आहे, पण अंघोळ बंद ठेवणं मला अजिबात पटत नाही, घामानं खाज वाढते आणि खाजवून फोड पिकतात. कोमट पाण्यानं रोज अंघोळ घालावी, पाणी चार दिवसांआड येत असलं तरी एक बादली राखून ठेवावी, अंग न घासता मऊ पंचानं टिपावं, कॅलामाइन लोशन लावावं, नखं अगदी बारीक कापावीत. अंगावर सोलापुरी चादर नको, ती टोचते, आईची जुनी धुवून मऊ झालेली सुती साडी घाला. तोंडात फोड असतात तेव्हा शेंगाचटणी बंद, कडक भाकरी द्यायचीच तर ताकात भिजवून, नाहीतर पेज, मऊ भात. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन कधीच नाही, त्यानं यकृताला आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो, आणि आयबुप्रोफेनही टाळावं.

बहुतेक पोरं आठवडा-दहा दिवसांत बरी होतात. पण ताप चार दिवसांहून जास्त टिकला, फोडाभोवती लाल गरम सूज आली, धाप लागली, मूल गुंगीत राहू लागलं, चालताना झोकांड्या खाऊ लागलं किंवा सारखं ओकू लागलं तर "आई रागावेल" म्हणून थांबू नका, सरळ सिव्हिलला न्या. तान्हं बाळ, स्टिरॉइड किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेलं मूल, आणि आधी कांजिण्या न झालेली गरोदर बाई यांना नुसती जवळीक झाली तरी त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं.

लस आहे, जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी १९७४ मध्ये तयार केलेली. दोन डोस लागतात, पहिला साधारण सव्वा वर्षाला. सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, खासगीत पैसे मोजावे लागतात, विडी वळणाऱ्या घराला ते जड जातं हे खरंय. लस घेऊनही कधी कांजिण्या येतात पण थोडक्यात आटपतात.

बरं झाल्यावरही व्हायरस मज्जातंतूंमध्ये दडून राहतो आणि उतारवयात नागीण बनून उठू शकतो. आजोबांना नागीण झाली असेल तर फोड सुकेपर्यंत ते कापडानं झाका, कारण त्या पाण्यातून नातवाला कांजिण्या होऊ शकतात.