बॅकग्राउंड परवानग्या व निर्बंध

मोबाईलमधील ॲप पडद्यावर उघडे नसताना त्याला काय करता येईल, काय करता येणार नाही आणि त्यासाठी फोनधारकाची संमती केव्हा व कशी घ्यावी लागेल, हे ठरवणारी ऑपरेटिंग सिस्टीमची नियमव्यवस्था. तिचे दोन भाग पडतात. लोकेशन, कॅमेरा, मायक्रोफोन, नोटिफिकेशन यांच्या वापराची जी मुभा फोनधारक स्वतः देतो ती परवानगी. बॅटरी, मेमरी आणि डेटा वाचवण्यासाठी सिस्टीम आपणहून जी मर्यादा घालते तो निर्बंध. परवानगी मिळाली तरी तो सुटत नाही. ॲप तयार करणारे बहुधा पहिल्या भागाची तयारी करून येतात. दुसऱ्याची जाणीव ॲप गावात वापरले जाऊ लागल्यावरच होते. विदर्भाच्या ग्रामीण भागात शेती, रोजगार हमी, वन आणि पोषण या क्षेत्रांतील ॲप्स मुख्यत्वे अँड्रॉइडवर चालतात, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याचाच विस्ताराने विचार केला आहे.

उगमाविषयीची मते

या व्यवस्थेचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकवाक्यता नाही. एका मतानुसार तो जावावर चालणाऱ्या साध्या फोनपर्यंत मागे जातो. २००२ च्या एमआयडीपी २.० या मानकात ॲपला द्यायच्या मुभेचे तीन प्रकार सांगितले होते : एका वेळेपुरती, ॲप चालू असेपर्यंत आणि कायमची. त्याच मानकात, बंद असलेले ॲप ठरावीक वेळी किंवा बाहेरून संदेश आल्यावर जागे करण्याची सोयही होती. अँड्रॉइड ११ (२०२०) मध्ये 'फक्त या वेळी' ही परवानगी आली तेव्हा तिचे नवी म्हणून स्वागत झाले. कल्पना मात्र अठरा वर्षांपूर्वीची होती.

दुसरे मत आयफोनकडे बोट दाखवते. २००८ मध्ये ॲपलने इतरांच्या ॲप्सना बॅकग्राउंडमध्ये चालू देण्यास बॅटरीचे कारण देऊन नकार दिला आणि त्याऐवजी सर्व्हरवरून सूचना ढकलण्याची पद्धत जाहीर केली. ती प्रत्यक्षात २००९ मध्ये आली. २०१० च्या आयओएस ४ ने संगीत, इंटरनेटवरील कॉल, लोकेशन अशा मोजक्याच कामांसाठी दार किलकिले केले. तिसरे मत २०१५ च्या अँड्रॉइड ६ ला आरंभ मानते. ॲप इन्स्टॉल करताना एकदम सगळ्या परवानग्या घेण्याची रीत तेथे मोडली आणि 'डोझ' ही निद्रावस्थाही त्याच आवृत्तीत आली.

यांतील तिसरे मत सोयीचे असले तरी अपुरे वाटते. परवानगीचा धागा जावा फोनपर्यंत पोचतो, निर्बंधाचा धागा २००८ च्या त्या नकारापर्यंत. दोन्हींची गाठ बसली ती 'ॲप वापरताना' आणि 'नेहमी' असे लोकेशनचे दोन वेगळे स्तर पडले तेव्हा. आयओएस ८ मध्ये ते २०१४ ला पडले, अँड्रॉइड १० मध्ये २०१९ ला. मधल्या काळात अँड्रॉइडवरील ॲप्स बॅकग्राउंडमध्ये बऱ्याच मोकळेपणाने वावरत. फोन झोपू नये म्हणून ॲपला 'वेकलॉक' घेता येई. अँड्रॉइडचा पाया असलेल्या लिनक्सच्या मुख्य गाभ्यात ही योजना घ्यावी की नाही यावर २००९-१० च्या सुमारास मोठा वाद झाला आणि समतुल्य सोय २०१२ च्या ३.५ आवृत्तीत आली. पुढील निर्बंधांचा बराचसा रोख या मोकळिकीमुळे संपणाऱ्या बॅटरीवर आहे.

निर्बंधांची रचना

फोन चार्जरवर नसेल, हलत नसेल आणि पडदा बंद असेल, तर काही वेळाने डोझ सुरू होते. त्या अवस्थेत ॲप्सचे नेट तुटते, वेकलॉक मानले जात नाहीत, गजर आणि नियोजित कामे पुढे ढकलली जातात. अधूनमधून एक छोटी खिडकी उघडते व साचलेली कामे उरकली जातात. फोन जितका वेळ पडून राहील तितक्या या खिडक्या विरळ होत जातात. अँड्रॉइड ७ (२०१६) पासून खिशात हलत असलेल्या फोनलाही याची सौम्य आवृत्ती लागू झाली. अँड्रॉइड ८ (२०१७) ने बॅकग्राउंड सेवा काही मिनिटांत बंद पाडण्यास सुरुवात केली आणि बॅकग्राउंडमधील ॲपला लोकेशन तासातून काही वेळाच मिळेल असे ठरवले. सतत चालायचे काम असेल तर 'फोरग्राउंड सेवा' घ्यायची, म्हणजे काम चालू आहे असे दाखवणारी सूचना पडद्यावर ठेवायची. या सेवेवरही पुढे मर्यादा आल्या : अँड्रॉइड १२ (२०२१) मध्ये ती बॅकग्राउंडमधून सुरू करण्यावर, अँड्रॉइड १४ (२०२३) मध्ये तिचा प्रकार जाहीर करण्याच्या सक्तीने आणि अँड्रॉइड १५ (२०२४) मध्ये डेटा पाठवण्याच्या प्रकाराला २४ तासांत ६ तास अशी.

ग्रामीण वापराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्बंध अँड्रॉइड ९ (२०१८) चा. त्यात ॲप किती वारंवार उघडले जाते यावरून त्याची वर्गवारी होते. रोजच्या वापरातील ॲपची कामे जास्तीत जास्त २ तास, त्याखालच्या वर्गाची ८ तास आणि क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपची २४ तासांपर्यंत लांबू शकतात, असा त्याचा मूळ आराखडा होता. फोन चार्जिंगला असताना या मर्यादा शिथिल होतात. या योजनेमागे एक गृहीत आहे : जे ॲप फारसे उघडले जात नाही ते फारसे महत्त्वाचे नाही. हंगामावर चालणाऱ्या शेतीत ते टिकत नाही. पेरणीनंतर एकदा आणि पुढे रब्बीला एकदा उघडले जाणारे ॲप शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईशी जोडलेले असू शकते.

अँड्रॉइड ११ पासून, काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेतल्या जातात. ही सोय २०२१ च्या अखेरीपासून जुन्या फोनवरही आणली गेली. जुलैत दिलेली लोकेशनची परवानगी रब्बीपर्यंत गेलेली असणे त्यामुळे स्वाभाविक आहे. याच आवृत्तीपासून कोणी दोनदा नकार दाबला की तो कायमचा नकार धरला जातो. मग ॲपने पुन्हा विचारले तरी चौकट येतच नाही. उन्हात, पडदा नीट दिसत नसताना वावरात उभ्या माणसाकडून हे सहज होते. ॲपने दर वेळी परवानगी तपासली पाहिजे आणि ती नसेल तर सेटिंग्जमधील नेमक्या पानावर नेऊन सोडले पाहिजे. नुसते 'लोकेशन मिळाले नाही' असे लिहिणे अपुरे आहे.

चार्जर घरी, रेंज टेकडीवर

नियोजित कामांसाठी अँड्रॉइडवर 'वर्कमॅनेजर' ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरली जाते. ठरावीक काळाने करायच्या कामाचे किमान अंतर तीत १५ मिनिटे आहे. कामाला अटी लावता येतात : नेट असावे, वाय-फाय असावे, फोन चार्जिंगला असावा. बॅटरी व डेटा वाचवावा म्हणून शिकवणीच्या अनेक उदाहरणांत चार्जिंग आणि नेट या अटी एकत्र लावलेल्या दिसतात.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडील किंवा गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडील अनेक वस्त्यांत घरात रेंज नसते. ती टेकडीवर, रस्त्याच्या वळणावर किंवा बाजाराच्या गावी मिळते. फोन मात्र चार्ज होतो तो घरी, रात्री. शहरात ही दुहेरी अट रोज रात्री बिनबोभाट पुरी होते. इथे चार्जर असतो तेव्हा नेट नसते आणि नेट असते तेव्हा चार्जर नसतो. काम रांगेत पडून राहते आणि ॲप काहीच चूक दाखवत नाही, कारण सिस्टीमच्या हिशेबाने चूक झालेलीच नसते. वाय-फायची अट तर अशा गावांत काम न करण्याचा आदेशच ठरते.

फेरप्रयत्नांचा हिशेबही असाच अडतो. पाठवणी फसली की वर्कमॅनेजर मूलतः ३० सेकंद थांबतो, मग १ मिनिट, मग २, असा दर अपयशाला काळ दुप्पट करत नेतो. कमाल मर्यादा ५ तास. फोनवर रेंजच्या एक-दोन कांड्या दिसतात पण डेटा सरकत नाही अशा जागी दिवस गेला, तर दहाव्या अपयशानंतरची प्रतीक्षा सव्वाचार तासांच्या घरात जाते. मग तीच व्यक्ती बाजाराच्या गावी अर्धा तास चांगल्या नेटमध्ये असते आणि पाठवणीची पाळी आलेली नसते. उपाय सोपा आहे व तो प्रत्येक ॲपमध्ये असलाच पाहिजे : नोंद आधी फोनमध्ये जतन करावी, किती नोंदी पाठवायच्या राहिल्या ते मोठ्या आकड्यात दाखवावे आणि 'आता पाठवा' असे बटण द्यावे. पडद्यावर उघडे असलेल्या ॲपला हे निर्बंध लागू नसतात. नोंद पोचली नाही म्हणून मजुराचा दिवस बुडत असेल, तर तिची भिस्त बॅकग्राउंडवर ठेवणे अन्यायाचे आहे.

लोकेशन कोणाला, किती

'नेहमी' लोकेशन मागणाऱ्या बऱ्याच ॲप्सना त्याची गरज नसते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाचा फोटो वावरात उभा राहून काढतो. अशा कामाला 'ॲप वापरताना' एवढी परवानगी पुरते. लोकेशन मात्र अचूक हवे. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीचे फोटो, जे १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय मोबाईल हजेरी प्रणालीवर बंधनकारक झाले, त्यांचेही तसेच.

याउलट विजेच्या इशाऱ्याचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप फोन असेल त्या जागेभोवतीच्या २० व ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची माहिती देते. पऱ्हाटी निंदताना फोन झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो, ॲप कोणी उघडत नाही. अशा प्रकारच्या सेवेचा बॅकग्राउंड लोकेशनवर खरा हक्क आहे. तिला अचूक लोकेशनही लागत नाही. अँड्रॉइड १२ मधील अंदाजे लोकेशन साधारण ३ चौरस किलोमीटरपर्यंत नेमके असते आणि तासातून काही वेळा ते मिळाले तरी वावर ते घर एवढ्या हालचालीला पुरेसे होते. इशारा मात्र सर्व्हरवरून उच्च प्राधान्याच्या संदेशाने यायला हवा. तसा संदेश डोझमधूनही पार होतो. अँड्रॉइड १३ (२०२२) पासून नोटिफिकेशनचीही वेगळी परवानगी लागते, आणि ती नाकारलेली असेल तर संदेश येऊनही माणसाला कळत नाही. या संदर्भात सेल ब्रॉडकास्ट पद्धतीच्या आपत्ती इशाऱ्यांचा निर्देश करायला हवा. भारतात त्यांच्या मोठ्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या. ते टॉवरवरून थेट येतात. त्यांना ना ॲप लागते, ना नेट.

तिसरा प्रकार सतत मागाचा. विदर्भात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे पाच व्याघ्र प्रकल्प आहेत. देशातील व्याघ्र प्रकल्पांत वनरक्षकांच्या पायी गस्तीचा माग जीपीएसने नोंदवण्याची 'एम-स्ट्राइप्स' ही पद्धत २०१० पासून रुजत गेली. अशा कामाला फोरग्राउंड सेवाच हवी. गस्त सुरू करताना वनरक्षकाने स्वतः बटण दाबले तर 'नेहमी' परवानगीची गरजही पडत नाही, कारण ॲप पडद्यावर असताना सुरू झालेली लोकेशन सेवा पडदा बंद झाल्यावरही चालू राहते. मध्येच सेवा बंद पडली तर ते नकाशावर लगेच दिसते : नाल्याच्या कडेकडेने गेलेली वळणावळणाची वाट अचानक सरळ रेघ होते आणि डोंगर कापून पलीकडे निघते. तिथे गस्त झाली नाही असा अर्थ काढणे चूक ठरेल.

सेवा बंद पडण्याचे मोठे कारण फोन बनवणाऱ्यांचे जादा नियम. कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट'ची वेगळी कळ असते आणि ती मुळात बंद असते. अलीकडची ॲप्स एका झटक्यात साफ करण्याची सवय सर्वत्र आहे. अँड्रॉइडच्या मूळ रूपात त्याने फोरग्राउंड सेवा मरत नाही, या फोनमध्ये मरू शकते. या नियमांना सामाईक मानक नाही. कळीची जागा फोनगणिक बदलते, म्हणून प्रशिक्षणात त्या गावात असलेले फोन हातात घेऊनच ती दाखवावी लागते.

कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज येते तेव्हा मिस्ड कॉलवर चालणारे मोबाईल स्टार्टर वापरतात. त्यांचा निरोप फोनच्या कॉलवरून येतो, त्यामुळे वरील कोणताच निर्बंध आड येत नाही. त्यांच्या जागी ॲप आणताना कॉलची सोय काढून टाकू नये.

संमती व कायदा

अँड्रॉइड ११ पासून 'नेहमी' लोकेशन चौकटीतून देता येत नाही; आधी 'वापरताना'ची परवानगी, मग सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळी निवड, असा क्रम आहे. प्ले स्टोअरवर अशा ॲपला २०२० च्या धोरणानुसार आधी मंजुरी लागते आणि माहिती कशासाठी घेतली जाते ते ॲपमध्येच ठळकपणे सांगावे लागते. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ चा. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असे हा कायदा सांगतो. मराठी त्यांत आहे. मेळघाटातील कोरकू आणि गडचिरोली-चंद्रपूरकडील गोंडी व माडिया त्यांत नाहीत. त्या भाषांत परवानगीचे कारण ध्वनिमुद्रित करून चौकटीच्या आधी ऐकवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कायद्याची सक्ती नसली तरी तेथील ॲप्सनी ते करावे.