मल्टी-युझर मायमोमधला मर्यादित फीडबॅक

बेस स्टेशनवर अनेक अँटेना आहेत आणि एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर चार-पाच मोबाइलना वेगवेगळा डेटा द्यायचाय (यालाच मल्टी-युझर मायमो म्हणतात), तर प्रत्येक मोबाइलपर्यंतचा चॅनल कसा आहे, म्हणजे वाटेत सिग्नल कसा बदलतो, ते बेस स्टेशनला कळायला लागतं. ही माहिती मोबाइलने कमीत कमी बिटांत परत कळवायच्या ज्या पद्धती आहेत त्यांना मिळून मर्यादित फीडबॅक म्हणतात. प्रश्न मुख्यतः एफडीडीचा, कारण तिथे जायची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि यायची वेगळी. टीडीडीत दोन्ही एकच असल्यामुळे बेस स्टेशन मोबाइलकडून आलेल्या पायलटवरूनच (आधीच ठरलेल्या ओळखीच्या सिग्नलवरून) अंदाज बांधू शकतं (रेडिओ सर्किटचं कॅलिब्रेशन नीट पाहिजे, ही अट बोलण्याच्या ओघात बरेचदा गळते), आणि मार्झेटांनी २०१० मध्ये मॅसिव्ह मायमोची (बेस स्टेशनवर खूप जास्त अँटेना असण्याची) मांडणी केली तीही टीडीडी गृहीत धरूनच.

सुरुवातीचं श्रेय कोणाला, यावर एकमत नाही. गेर्लाक आणि पॉलराज यांनी १९९४ मध्ये फीडबॅक घेऊन प्रेषणाच्या अँटेना जुळवायची कल्पना मांडली होती, पण बिट किती लागतील हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता. तो प्रश्न सरळ घेतला तो नरुला, लोपेझ, ट्रॉट आणि वॉर्नेल यांनी १९९८ मध्ये, त्यामुळे बहुतेक आढावे तिथून सुरू होतात आणि ते योग्यच वाटतं. स्टँडर्डवाली मंडळी मात्र सांगतात की डब्ल्यूसीडीएमए या ३जी स्टँडर्डच्या रिलीज ९९ या आवृत्तीत दोन अँटेनांसाठी सेकंदाला १५०० बिटांचा फीडबॅक आधीच घातलेला होता, पूर्ण थिअरी नंतर आली. पुढे ऑक्टोबर २००३ च्या आयट्रिपलईच्या इन्फर्मेशन थिअरी जर्नलच्या एकाच अंकात लव्ह-हीथ-स्ट्रोमर आणि मुक्कविल्ली-सभरवाल-एर्किप-आझांग अशा दोन गटांचे पेपर आले आणि दोघांचं म्हणणं जवळपास एकच होतं: चॅनलची फक्त दिशा कळवा, आणि त्या दिशांचं कोडबुक (दोघांकडे आधीच असलेली यादी, मोबाइलने फक्त क्रमांक कळवायचा) असं बनवा की कुठल्याही दोन दिशा एकमेकींपासून शक्य तेवढ्या लांब राहतील. अशा कोडबुकाला ग्रासमानियन हे नाव पहिल्या गटाच्या पेपरमुळे रूढ झालं म्हणून श्रेयही तिकडे जास्त जातं, पण खरं तर ते दोघांत वाटायला हवं.

दिशाच का, तर ४ अँटेनांचा चॅनल म्हणजे ४ कॉम्प्लेक्स आकडे, म्हणजे ८ साधे आकडे, त्यातली एकूण ताकद आणि सगळ्यांना सामाईक असलेला फेज बीमच्या (एका दिशेने रोखलेल्या सिग्नलच्या) दृष्टीने कामाचा नाही, तो काढला की ६ उरतात. एकच युझर असेल तर हे ६ आकडे ढोबळ पाठवले तरी चालतं, चुकीमुळे थोडी पॉवर वाया जाते, बस. मल्टी-युझरमध्ये मात्र तीच चूक दुसऱ्या युझरच्या डोक्यावर इंटरफिअरन्स म्हणून बसते, आणि पॉवर वाढवली की इंटरफिअरन्सही तेवढाच वाढतो, म्हणून ठरावीक बिटांवर अडून राहिलं तर एका मर्यादेपुढे कितीही पॉवर ओता, रेट हलत नाही.

निहार जिंदल यांनी २००६ मध्ये याचा हिशोब मांडला. अँटेना जितक्या तितके युझर आणि झिरो-फोर्सिंग (एकाचा सिग्नल दुसऱ्याकडे शून्य व्हावा असे बीम) धरलं, तर परिपूर्ण माहितीच्या तुलनेत साधारण ३ डेसिबलच्या आत राहायला प्रत्येक युझरला लागणारे बिट म्हणजे अँटेनांच्या संख्येतून एक वजा करा, ३ ने भागा आणि डेसिबलमधल्या एसएनआरने (सिग्नल आणि नॉइजच्या गुणोत्तराने) गुणा. ४ अँटेनांना १० डेसिबलवर १० बिट आणि २० डेसिबलवर २०. आता २० बिटांचं कोडबुक म्हणजे १०,४८,५७६ व्हेक्टर, मोबाइलने ते एकेक करून तपासणं शक्यच नाही, आणि एलटीईच्या (४जीच्या) रिलीज ८ मध्ये ४ अँटेनांचं कोडबुक होतं फक्त १६ व्हेक्टरांचं, म्हणजे ४ बिट. सुरुवातीच्या एलटीईत मल्टी-युझर मायमो फारसं जमलं नाही त्याची इतरही कारणं देतात, पण हे त्यातलं मोठं मानायला हरकत नाही.

यावर दुसरा पक्ष असा की युझर भरपूर असतील तर इतकं बारीक सांगायची गरजच काय. शरीफ आणि हस्सिबी यांनी २००५ मध्ये दाखवलं की बेस स्टेशनने रँडम पण परस्परलंब बीम सोडले आणि प्रत्येकाने फक्त कुठला बीम चांगला लागतोय नि त्याचा एसआयएनआर (इंटरफिअरन्स आणि नॉइजच्या तुलनेत सिग्नल) किती एवढंच कळवलं, तरी युझर खूप वाढले की एकूण रेट परिपूर्ण माहितीइतक्याच वेगाने वाढतो. गेस्बर्ट आणि अलुइनी यांचा २००४ चा उपाय आणखी सोपा, चॅनल ठरावीक पातळीच्या वर असेल तरच बोला नाहीतर गप्प बसा. अडचण अशी की यातला 'खूप' हा शब्द फार मोठा आहे आणि एका वेळी तेवढे युझर डेटा मागत असतीलच असं नाही. रवींद्रन आणि जिंदल यांनी फीडबॅकचे एकूण बिट ठरावीक ठेवून दोन्ही बाजू तोलल्या, तेव्हा थोड्या युझरांकडून अचूक माहिती घेणं हे पुष्कळांकडून ढोबळ माहिती घेण्यापेक्षा बरंच सरस ठरलं, आणि नंतरची स्टँडर्डंही त्याच वाटेने गेलेली दिसतात.

वाय-फायमध्ये हे आकड्यांत नीट दिसतं. ८०२.११एसी या स्टँडर्डमध्ये फोन किंवा लॅपटॉप चॅनलची दिशा कोनांच्या रूपात पाठवतो. ४ अँटेना आणि एक स्ट्रीम (डेटाचा एक प्रवाह) असेल तर कोन ६ (वरचेच ते ६ आकडे), मल्टी-युझरसाठी त्यातल्या तिघांना ९ बिट आणि तिघांना ७, म्हणजे एका सबकॅरिअरला (बँडमधल्या एका बारीक फ्रिक्वेन्सी-पट्टीला) ४८ बिट, आणि ८० मेगाहर्ट्झला २३४ सबकॅरिअर धरले तर नुसते कोनच ११,२३२ बिटांचे होतात. शेजारशेजारच्या सबकॅरिअरचा चॅनल सारखाच असतो म्हणून चारांतून एकच पाठवला (६२ उरतात) आणि कोनांचे बिट ७ व ५ केले तर तेच २,२३२ वर येतं, साधारण पाचपट कमी.

सेल्युलरमध्ये रिलीज १० पासून हळू बदलणारा भाग वेगळा आणि पटकन बदलणारा वेगळा असं दोन कोडबुकांत वाटलं. ५जीच्या रिलीज १५ मधल्या टाइप टू कोडबुकात २ ते ४ बीमांचं मिश्रण कळवतात, प्रत्येक सबबँडचं (बँडच्या प्रत्येक तुकड्याचं), त्यामुळे रिपोर्ट काही शे बिटांपर्यंत फुगतो, मग रिलीज १६ ने फ्रिक्वेन्सीच्या दिशेनेही दाबून तो आवरला. अधिकारी-नाम-आन-काएर यांची २०१३ ची जेएसडीएम ही वेगळी वाट आहे, सारख्या दिशेने येणाऱ्या युझरांचे गट करायचे म्हणजे प्रत्येकाला मोजावे लागणारे परिमाणच कमी होतात. शिळ्या माहितीबद्दल मद्दाह-अली आणि त्से यांचा निकाल चमत्कारिक आहे: २ अँटेना, २ युझर आणि माहिती पूर्ण कालबाह्य झालेली असली तरी मल्टिप्लेक्सिंग (एका वेळी सरासरी किती स्वतंत्र प्रवाह जातात ते) १ वर न घसरता ४/३ वर टिकतं (ताजी असती तर २). प्रत्यक्ष यंत्रणेत याचा वापर जवळजवळ नाही.

न्यूरल नेटवर्कने दाबायची पद्धत २०१८ च्या सीएसआयनेट या मॉडेलपासून जोरात आली आणि मोबाइलची स्टँडर्डं ठरवणाऱ्या ३जीपीपीने रिलीज १८ मध्ये तिचा अभ्यासही केला. इथे खरी मेख कॉम्प्रेशनची नाहीच, दाबणारा अर्धा भाग एका कंपनीच्या फोनमध्ये आणि उलगडणारा दुसऱ्या कंपनीच्या बेस स्टेशनमध्ये असतो, तेव्हा दोघांचं ट्रेनिंग जुळवायचं कोणी, आणि आपलं मॉडेल समोरच्याला किती उघडं करायचं, घोडं तिथे अडतं.